कुंदाबाईंचा न फाटणारा पडदा

गेल्या बाजाराच्या दिवशी साकोलीच्या बसस्टँडजवळ एका मोबाईलच्या दुकानात रिचार्ज मारायला गेलो होतो. दुकानदार पोरगा आणि त्याचा दोस्त कॉम्प्युटरवर गाडी पळवायचा गेम खेळत होते. दोस्त म्हणाला, "मोडावर गाडी वळवली का चित्र मधूनच फाटते बे. पडदा गेला वाटते तुहा."

"पडदा नाही गेला," मी काउंटरवरून म्हणालो. "व्हीसिंक बंद आहे. चालू कर."

दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा, पायात टायरच्या चपला.

"काय म्हणलं बाबा?"

"व्हीसिंक. सेटिंगमध्ये चित्राचा भाग राहते, तिथं पाह."

त्यानं शोधलं, चालू केलं, गाडी पुन्हा वळणावर नेली. चित्र अखंड राहिलं. दुकानदार उठून उभा राहिला आणि त्यानं मला खुर्ची दिली. "बाबा, हे तुम्ही कोठं शिकले?"

"कुंदाबाईकडं."

"कोण कुंदाबाई?"

मी खुर्चीवर बसलो नाही. रिचार्ज घेतला आणि निघालो. या गावात कुंदाबाई कोण असं विचारणारे लोक तयार झाले, हे रस्ताभर टोचत राहिलं. म्हणून लिहायला बसलो. मी चौथी पास आहे. अक्षर मोठं आहे, ऱ्हस्वदीर्घ जमत नाही. पण जे पाहिलं ते पाहिलं.

माझी धानाची मिल आणि कुंदाबाईंचं गेम सेंटर यांच्यामध्ये एक बोळ होती. बोळ एवढी अरुंद की सायकलवाला आला तर बकरीला थांबावं लागे. गेम सेंटरच्या आधी त्याच खोलीत कुंदाबाईंचं टायपिंगचा क्लास होता. बारा टाइपरायटर एकदम चालू झाले की माझ्या इंजिनाचा आवाजही मला कमी वाटे. मग टाइपरायटरचा जमाना गेला. दुसरं कोणी असतं तर त्यानं खोली किराणा दुकानाला दिली असती. बाईंनी आठ कॉम्प्युटर आणले. आधी त्यावर टायपिंगच शिकवलं, पण पोरं टायपिंग झालं की चोरून गेम लावत. बाईंनी एक दिवस पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी पाटीच बदलली.

पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती. अक्षरं टाइप केल्यासारखी सरळ. वर सेंटरचं नाव आणि खाली एक ओळ: 'येथे पडदा अडखळत नाही.'

बाई ठेंगण्या, अंगानं बारीक, कपाळावर मोठी टिकली, चष्म्याला काळी दोरी. नवरा बसमध्ये कंडक्टर, आज इथं तर उद्या तिथं. बाई सुती पातळ नेसत आणि वर टायपिंगच्या काळापासूनचा एक खाकी कोट घालत. त्याच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर, जुना दात घासायचा ब्रश आणि खडू. गेम सेंटरवाली बाई म्हटली की लोकांना काय काय वाटे. पोरांना मात्र त्यांचा धाक हेडमास्तरपेक्षा जास्त होता.

नियम एकच. येणाऱ्यानं आधी एक पान मराठी टाइप करायचं, मग गोळ्या झाडायच्या.

"मॅडम, आजच्या दिवस सोडा ना," पोरगं म्हणे.

"काहून? आज बोटं घरी ठेवून आला काय?"

पान बिनचूक झालं की गेम. चुकलं तर परत पहिल्यापासून. या नियमानं निम्मी पोरं चिडून जात आणि चार दिवसांनी परत येत, कारण दुसरीकडे चित्र असं चालत नव्हतं. पोरं दुश्मनावर गोळ्या झाडत असली तरी बाई मागून ओरडत, "मनगट वर! मनगट टेकवू नको!" तो तिकडे मरून पडे आणि म्हणे, "मॅडम, तुमच्यामुळं मेलो." बाई म्हणत, "मनगट टेकवलं म्हणून मेला."

आज तहसिलीत बसलेले दोनतीन कारकून त्याच पानांवर टायपिंगच्या परीक्षा पास झाले. ते ही गोष्ट कोणाला सांगत नाहीत.

गेममध्ये कोण जिंकलं, कोण हरलं, याच्याशी बाईंना काही देणंघेणं नव्हतं. त्या प्रत्येक पोराच्या मागे उभ्या राहत आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातला बारीक हिरवा आकडा पाहत. साठ असला की पुढच्या पोराकडे जात. छप्पन झाला की तिथंच थांबत, जशी आई पोराच्या कपाळाला हात लावून थांबते.

एकदा पावसाळ्यात मिल बंद होती. मी त्यांच्या पायरीवर बिडी ओढत बसलो होतो. मी विचारलं, "बाई, तो आकडा कायचा?"

त्यांनी भिंतीवरचं रोज एक पान फाडायचं कॅलेंडर काढून आणलं. "भाऊ, पडदा हलतं चित्र दाखवत नाही. पानं दाखवते. एका सेकंदात साठ पानं, पटापट. तुमच्या डोळ्याले वाटते का चित्र हलून राहिलं. आता पानं तयार करणारं यंत्र वेगळं आणि दाखवणारा पडदा वेगळा. पडदा मंगळवारचं पान वरून खाली दाखवत आला, अर्ध्यावर पोचला, तेवढ्यात यंत्रानं घाईनं बुधवारचं पान पुढं सारलं. तर काय दिसन?"

मी विचार केला. "वर मंगळवार, खाली बुधवार."

"बस. त्यालेच हे पोरं चित्र फाटलं म्हणतात. व्हीसिंक म्हणजे यंत्राले सांगणं, का बाबा, पडद्याचं एक पान पूर्ण होऊ दे, मंग दुसरं दे."

"मंग सगळ्यायनं लावावं ना ते."

"त्यात एक खोट आहे. यंत्राले पान द्यायले जरासा उशीर झाला ना, तर पडदा त्याच्यासाठी थांबत नाही. जुनंच पान परत एकदा दाखवते. अन् हर वेळी असा उशीर झाला तर साठचे सरळ तीस होतात. मधातलं काही नाही."

"म्हणजे धानाच्या रोवण्यासारखं झालं," मी म्हणालो. "बाया एका रांगेत मागं सरकतात. एकीचा हात मंदावला का सगळी रांग तिच्यामुळं निम्म्यावर येते."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "भाऊ, तुम्ही चौथीतून निघाले कसे?"

"पुढं शाळा नव्हती."

"शाळेचंच नुकसान झालं," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी घरी जाऊन दोनदा सांगितलं होतं.

ठेकेदाराचा रोशन नागपूरहून नवीन मशीन घेऊन आला तेव्हाची गोष्ट सगळ्या साकोलीला माहीत होती. मशीनच्या पोटात लाल-निळे दिवे. तो ते कारमध्ये घालून बाईंच्या सेंटरवर दाखवायला घेऊन आला. "मॅडम, तुमचं साठ, माझं एकशे चाळीस. या आता."

"एकशे चाळीस कायम राहते?"

"कधी एकशे चाळीस, कधी नव्वद. पण तुमच्यापेक्षा जास्तच."

बाईंनी त्याचं मशीन आपल्या एका पडद्याला जोडलं. शेजारच्या पडद्यावर आपलं मशीन, गेम तोच, जागा तीच. मग कपाळाची टिकली काढली आणि रोशनच्या पडद्यावरच्या आकड्यावर चिकटवली. दुसऱ्या पडद्यासाठी पाकिटातली नवीन टिकली काढली. रोशनला बाहेर उभं केलं, मशीनची अदलाबदल केली की नाही ते त्याला सांगितलं नाही, आणि आत बोलावलं. "खेळ दोन्हीवर. सांग, तुहं कोणतं?"

रोशन दहा मिनिटं या खुर्चीवरून त्या खुर्चीवर गेला. पोरं श्वास धरून उभी. शेवटी त्यानं बोट दाखवलं. "हे माझं. मख्खन चालून राहिलं."

बाईंनी टिकली उचलली. खाली साठ.

पोरांनी असा कल्ला केला की माझ्या मिलमधले लोक भांडण झालं समजून पळत आले. रोशन लाल झाला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्याला बसवून त्याचंही मशीन साठवर बांधून दिलं आणि म्हणाल्या, "बेटा, जास्त देऊ नको. जेवढं देशील तेवढं सारखं दे. डोळा वेगानं नाही थकत, वरखाली झाल्यानं थकते. टायपिंगचं तेच आहे." रोशन त्यानंतर दोन वर्षं रोज एक पान टाइप करत होता.

हे सगळं चांगलं चाललेलं असताना एका दिवाळीनंतर पाटीवरची ओळ खोटी पडू लागली.

आधी तीन नंबरचं मशीन. मग सात नंबर. मग सगळीच. सकाळी साठ, दुपारपासून साठ-तीस, साठ-तीस. पोरगं नेम धरी आणि चित्र जागच्या जागी गचके खाई. व्हीसिंक काढलं तर चित्र फाटे, लावलं तर तीस. "मॅडम, अडकून राहिलं," एक म्हणे. दुसरा बाहेर जाऊन पाटी मोठ्यानं वाचे आणि सगळे हसत. हायवेवर त्याच वर्षी दुसरं सेंटर उघडलं होतं. तिथं पान टाइप करावं लागत नव्हतं.

भंडाऱ्याहून कारागीर आला. त्यानं मशीनची झाकणं काढून हवा मारली, धूळ उडाली, आणि म्हणाला चित्राचं कार्ड बदला. बाईंनी एका मशीनचं बदललं. काही फरक नाही. मग म्हणाला, लाईट कमीजास्त होते. बाईंनी स्टॅबिलायझर बसवला. काही फरक नाही. बाई शटरच्या आतल्या बाजूला खडूनं रेघ मारू लागल्या. जेवढ्या वेळा आकडा पडला तेवढ्या रेघा. आठ दिवसांत शटर पांढरं झालं.

त्यात बाईंनी आधीच संक्रांतीनंतरच्या रविवारी स्पर्धा ठरवली होती. मोहाडीची एक टोळी येणार होती, दिघोरीची एक, साकोलीच्या दोन. चार विरुद्ध चार, आठही मशीन एकदम, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी म्हणालो, "बाई, पुढं ढकला."

"ढकलून काय होते? भाऊ, त्या दिवशी पडदा अडखळला ना, तर सोमवारी मी आठही मशीन विकून टाकतो. पाटीवर एक लिहायचं अन् आत दुसरं दाखवायचं, हे मले नाही जमत."

बाई रागात आल्या की 'विकतो', 'करतो' असंच बोलत. त्या खरंच विकतील हे मला माहीत होतं.

मग एक दिवस त्या म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? हे सगळं तुमचा हंगाम सुरू झाला तवापासून आहे."

मला एकदम झोंबलं. "बाई, माझी मिल डिझेलवर आहे. सगळं गाव मोटर लावा म्हणते, मी लावली नाही. तुमच्या तारेले माझा हात लागत नाही."

"ते खरं आहे," त्या म्हणाल्या. कारागिरानंही तेच सांगितलं, मिलचा संबंध नाही. सगळ्यांच्या डोक्यात लाईट होती, आणि मी लाईट वापरत नव्हतो. मी सुटलो. दोन दिवस मी ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मिल भरलेली असताना कुंदाबाई आत आल्या. त्या कधी मिलमध्ये येत नसत. हातात वर्तमानपत्राच्या कागदावर काहीतरी होतं. इंजिनाच्या आवाजावरून ओरडून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याएवढा जाणकार या बाजारात नाही. जरा पाहून सांगा, हे काय आहे?"

कागदावर पिवळट लादीसारखा तुकडा होता. दाबलेल्या लोकरीसारखा घट्ट, बोटाएवढा जाड. मी चिमूट घेतली. चोळली. नाकाजवळ नेली. पंधरावीस लोक पाहत होते आणि मला विचारलं गेलं होतं. मी इंजिन हळू केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "हा कोंडा आहे बाई. तुसाचा नाही, पॉलिशचा, बारीकातला बारीक. चोळलं तर तेल सुटते पाहा. म्हणून हा फुंकून उडत नाही, चिकटून बसते. अन् वास घ्या. हा चिन्नोर आहे. दुसऱ्या धानाले हा वास येतच नाही."

"अरे वा," बाई म्हणाल्या. "सध्या चिन्नोर कोणाच्या मिलमध्ये चालून राहिला?"

"माझ्याशिवाय कोणाच्या..."

तिथंच मी थांबलो.

दिघोरीचा सोमाजी पोत्यावर बसला होता. चिन्नोर त्याचाच होता. तो असा हसला की पोत्यावरून घसरला. "भाऊ, तुमची जबानी झाली! आता अंगठा लावा!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं. रात्रभर विचार करून त्यांनी सकाळी एका मशीनचा पंखा पूर्ण खोलला होता, टाइपरायटर खोलत तसा, एकेक स्क्रू काढून. पंख्याच्या वरून काही दिसत नव्हतं. पण पंखा आणि त्याच्या खालच्या जाळीच्या मध्ये ही लादी बसलेली. हवा जायला वाटच नाही. "यंत्र तापलं का स्वतःच हळू होते, जळू नये म्हणून. जरासं हळू झालं का पान चुकते. पान चुकलं का तीस. कारागिरानं हवा मारली ती वरवर. हा तुमचा कोंडा हवेनं कायले निघते?"

मग मला आठवलं. समोरच्या हॉटेलवाल्याच्या जिलेबीवर कोंडा बसतो म्हणून तो ओरडत होता. दिवाळीत मी कोंडा फेकायच्या पाईपाचं तोंड मागे बोळीत वळवलं होतं. बोळीत बाईंची खिडकी. आणि बाईंनी पुढच्या भिंतीला हवा बाहेर फेकणारा पंखा लावलेला, म्हणजे मागच्या खिडकीतून आत ओढली जाणारी सगळी हवा माझ्या पाईपाची.

"पाईप वर करा भाऊ, एवढंच," बाई म्हणाल्या. "खिडकी बंद केली तर पोरायचा जीव गुदमरते."

लोक अजून हसत होते. सोमाजी दुपट्ट्यानं डोळे पुसत होता. मी म्हणालो, "माझी मिल तुमच्या खिडकीच्या आधीची आहे. पाईप नाही हलणार."

बाईंनी कागदाची घडी केली, कोटाच्या खिशात ठेवली आणि निघून गेल्या.

आठ दिवस मी पाईप हलवला नाही. सोमाजीचं हसणं कानातून जात नव्हतं. बाईंनी पुन्हा एक शब्द काढला नाही, कोणाकडे तक्रार केली नाही. खिडकीला त्यांनी ओल्या साडीचा पडदा लावला, तो तासाभरात पिवळा होई. रोज सकाळी मी इंजिन सुरू करायला येई तेव्हा त्या डोक्याला फडकं बांधून बसलेल्या असत. समोर उघडलेलं मशीन, हातात तो दात घासायचा ब्रश. एका मशीनचा पंखा काढायचा, जाळीतली एकेक फट घासायची, परत बसवायचा, दुसरं मशीन. आठ मशीन. घासताना खोकत. मी इंजिनाची दोरी ओढे आणि त्यांनी साफ केलेलं परत भरायला लागे. हे मला दिसत होतं. मी आंधळा नव्हतो.

रविवार आला. मोहाडीची पोरं पहिल्या बसनं उतरली, दिघोरीची सोमाजीच्या ट्रॅक्टरवर बसून आली. सोमाजीला धान भरडायचाच होता, त्यानं पोरंही आणली. बोळीत चपलांचा ढीग. बाईंनी खाकी कोट धुऊन, इस्त्री करून घातला होता. स्पर्धेतही नियम तोच. पाहुण्या पोरांना आधी एकेक पान टाइप करायला बसवलं. मोहाडीचा एक जण म्हणाला, "आम्ही गेम खेळायले आलो का नोकरीले?" बाई म्हणाल्या, "आधी बोटं गरम होऊ दे."

मी इंजिन सुरू केलं. हंगामाचा दिवस, दारात पोत्यांची थप्पी. अकरा वाजेपर्यंत चाललं. बोळीतून पोरांचा गलका येत होता. मी पाणी प्यायला मागच्या दाराशी गेलो तर खिडकीतून बाई दिसल्या. खेळणाऱ्या पोरांच्या मागे उभ्या होत्या, पण आकड्याकडे पाहत नव्हत्या. एका मशीनच्या खोक्यावर पालथा हात ठेवून उभ्या होत्या. मग दुसऱ्यावर. मग परत पहिल्यावर. वरून ओल्या साडीच्या कडेनं माझा कोंडा आत झिरपत होता, उन्हाच्या तिरिपेत स्पष्ट दिसत होता.

मी आत आलो आणि इंजिनाचं डिझेल बंद केलं.

इंजिन दोन उसासे टाकून थांबलं. अशी शांतता झाली की पोत्यावर झोपलेले लोक जागे झाले.

"काहून बंद केलं भाऊ?" सोमाजीनं विचारलं.

"इंजिन तापलं."

"पूस महिन्याच्या थंडीत?"

"माझं इंजिन आहे. तापलं म्हणलं ना."

"मंग कधी सुरू होईन?"

"थंड झाल्यावर."

सोमाजीनं माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे पाहिलं. या वेळी तो हसला नाही. पोत्यावर आडवा झाला आणि बाकीच्यांना म्हणाला, "झोपा रे. भाऊचं इंजिन संध्याकाळपर्यंत काही थंड होत नाही."

पाचसहा जण बडबडत दुसऱ्या मिलमध्ये गेले. जाऊ दिलं. मी इंजिनाजवळ बसून राहिलो. तीनच्या सुमाराला कुंदाबाई स्वतः कप-बशी घेऊन बोळीतून आल्या. चहा माझ्यासमोर ठेवला.

"इंजिन तापलं म्हणे."

"हो."

"हाताले तर थंड लागून राहिलं." त्यांनी खरंच इंजिनावर हात ठेवला होता.

"आतून तापलं आहे," मी म्हणालो.

बाईंनी हात कोटाला पुसला. म्हणाल्या, "आठही मशीनवर साठ आहे भाऊ. सकाळपासून एकदाच अठ्ठावन झालं." आणि गेल्या. कप न्यायला विसरल्या.

मोहाडीची टोळी जिंकली. साकोलीची पोरं तोंड पाडून बसली, पण बाईंचा चेहरा असा होता की जसं त्याच जिंकल्या. मोहाडीच्या पोरांना बक्षीस देताना त्यांनी भाषण केलं, "चांगले खेळले. दोघायचे मनगट टेकत होते." सोमवारी शटर रोजच्या वेळेला उघडलं. आतल्या बाजूच्या खडूच्या रेघा त्यांनी ओल्या फडक्यानं पुसल्या. ते करताना मी त्यांना खिडकीतून पाहिलं, कारण मी त्या वेळी शिडीवर होतो. पाईपाला वर कोपर बसवून त्याचं तोंड छपराच्या वर नेत होतो आणि त्याला कापडाची पिशवी बांधत होतो.

"कोंडा वाया जाऊन राहिला होता," मी वरून म्हणालो. "पिशवीत धरला तर ढोरायले होते."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

त्यानंतर चार वर्षं त्या पाटीवरची ओळ खरी राहिली. त्या ओळीला कोंड्यानं मारलं नाही, मोबाईलनं मारलं. पोरं सेंटरमध्ये येईनात, सेंटरच्या पायरीवर बसून फोनवर खेळू लागली, कारण तिथं बाईंचं इंटरनेट पोचत होतं. बाई दारात येऊन पाहत. "दोन अंगठ्यायनं खेळता, बाकीचे आठ बोटं काय करून राहिले?" पोरं हसत, सरकून बसत. बाईंनी इंटरनेट कधी बंद केलं नाही.

नवरा रिटायर झाला आणि नागपूरला पोरीकडे जायचं ठरलं. मशीनं आधीच एका शाळेत गेली होती. जायच्या दिवशी सामान बसस्टँडवर गेलं, नवरा सामानाजवळ उभा, आणि बाई बोळीतून माझ्याकडे आल्या. मिल चालू होती.

"बस यायले अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या. "एवढे वर्षं शेजारी होतो, तुमचं काम मी कधी पाहिलंच नाही. दाखवा."

मी त्यांना धान कुठं पडतो ते दाखवलं, तूस कुठं निघतं, पॉलिश कुठं होते. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक पट्टा पाहिला. "हा पट्टा जरा झोल खाऊन राहिला," म्हणाल्या. खरंच खात होता. मग तांदूळ जिथून पडतो तिथं जाऊन त्यांनी धारेखाली ओंजळ धरली.

"गरम राहते काय हो हा? मले वाटे थंड असन."

"भरडल्यावर काही वेळ राहते."

पिशवी भरली होती, ती बदलायची राहिली होती. त्यामुळं पाईप तुंबून कोंडा छपराखाली भरभरून उडत होता. बाईंच्या केसांवर बसला, भुवयांवर, चष्म्याच्या काचांवर, नव्या पातळावर. मला सांगायचं होतं, की त्या आठ दिवसांत मी चुकत होतो आणि ते मला त्याच वेळी माहीत होतं. मी इंजिन हळू केलं. तोंड उघडलं. बाहेर पडलं ते एवढंच, "बाई, केसायवर कोंडा बसला."

दुपट्टा पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. चष्मासुद्धा पुसला नाही. ओंजळीतले तांदूळ परत ढिगावर सोडले, एक दाणा तोंडात टाकला.

"राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "चिन्नोर आहे."

आणि तशाच, भुवया पिवळट झालेल्या, बोळीतून बसस्टँडकडे चालत गेल्या.